दोन दाखले, नोंद एकच

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयाची, जुन्या नोंदींतून आपलं मूळ शोधण्याविषयीची निघाली, म्हणून आडनावांच्या स्पेलिंगबद्दलची आणि कबरीच्या पावत्यांची पत्रं पुढच्या अंकाला ढकलली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी ठाण्यातल्या एका चर्चच्या ऑफिसात २९ वर्षं कारकुनी केली. मी वकील नाही, धर्मगुरू तर नाहीच. जुन्या नोंदवह्या वाचता येतात, एवढ्या भांडवलावर हे सदर चालतं.

प्रश्न : ताई, मी कोपरीला राहते, पन्नाशी उलटली आहे. पप्पा २०११ साली गेले, मम्मी गेल्या पावसाळ्यात. मी त्यांची पोटची नाही हे मला बाराव्या वर्षापासून ठाऊक आहे. मम्मीनंच सांगितलं होतं, भाकऱ्या थापता थापता. त्यापुढे मात्र कधी एक शब्द नाही. आता तिच्या ट्रंकेत माझ्या बाप्तिस्म्याचे दोन दाखले सापडले. एक १९७७ चा, शाळेत घालतानाचा. दुसरा १९९८ चा, माझ्या लग्नाच्या वेळचा. चर्च एकच, मुंबईतलं. पान तेच, अनुक्रमांक तोच. जन्म ३ मार्च १९७२, बाप्तिस्मा १९ मार्च १९७२. पण जुन्या दाखल्यावर आईवडिलांच्या जागी नुसती रेघ आहे आणि नव्यावर मम्मी-पप्पांची नावं. गॉडमदर म्हणून दोन्हीकडे एका सिस्टरचं नाव. यातला खरा दाखला कुठला? मुलगा म्हणतो, तू धावपळ करू नकोस, तुझ्या वतीनं मी अर्ज करतो, नाहीतर थुंकी परदेशी पाठवून डीएनए करून घेऊ. मम्मी असताना हे करायची हिंमत नव्हती. आता तरी करावं का? (नाव छापू नये.)

उत्तर : दोन्ही खरे. दाखला म्हणजे नोंदवही नव्हे. ज्या दिवशी दाखला काढला त्या दिवशी वहीत जे होतं, त्यातलं छापील फॉर्मात बसेल तेवढं त्यावर उतरतं. १९७७ साली वहीत रेघ होती, १९९८ साली नावं होती. म्हणजे मधल्या २१ वर्षांत कुणीतरी त्या ओळीवर लेखणी चालवली. असली दुरुस्ती फादर आपल्या मनानं करत नाहीत. बिशप्स हाउसची, म्हणजे बिशपच्या कचेरीची परवानगी लागते, आणि दुरुस्ती कशाच्या आधारावर केली ते समासात लिहून ठेवायचं असतं : कुठल्या कोर्टाचा हुकूम, त्याचा नंबर, तारीख, खाली सही. तुम्हाला हवी आहे ती समासातली ओळ.

बाप्तिस्म्याची वही कशी असते ते सांगते, म्हणजे काय मागायचं ते कळेल. लांबरुंद वही, दोन्ही हातांनी उचलावी लागते. उघडली की एक नोंद डावीकडून उजवीकडे दोन्ही पानांवर पसरलेली : अनुक्रमांक, बाप्तिस्म्याची तारीख, जन्माची तारीख, नाव, वडील, आई, राहण्याचं ठिकाण, गॉडफादर, गॉडमदर, बाप्तिस्मा देणाऱ्या फादरांची सही, आणि शेवटी शेऱ्याचा अरुंद रकाना. एवढासा तो रकाना, पण माणसाचं पुढचं अख्खं आयुष्य त्यात कोंबलेलं असतं. दृढीकरण (कन्फर्मेशन) कधी झालं, लग्न कुठल्या चर्चमध्ये आणि कुणाशी झालं, कुणी सिस्टर किंवा फादर झालं असेल तर ते, आणि दत्तक. जागा पुरत नाही म्हणून कारकून आडवं लिहितात, उभं लिहितात, मुंगीच्या पावलांनी लिहितात. दाखला टाइप करणाऱ्याला यातलं सगळं उतरवायचं असतं. घाईत तो 'शेरा नाही' असं ठोकून मोकळा होतो. मीही ठोकलं आहे.

तेव्हा नवा दाखला मागू नका. 'माझ्या स्वतःच्या नोंदीचा संपूर्ण उतारा, समासातल्या सर्व शेऱ्यांसह' असं पत्र पॅरिश प्रीस्टच्या, म्हणजे त्या चर्चच्या मुख्य फादरांच्या नावानं लिहा. दोन्ही दाखल्यांच्या झेरॉक्स, आधार कार्ड आणि मम्मी-पप्पांचे मृत्यूचे दाखले जोडा. स्वतःच्या वैयक्तिक स्थितीबद्दलच्या नोंदीची प्रत मागायचा हक्क १९८३ च्या कॅनन लॉनं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यानं माणसाला दिला आहे, कलम ४८७. पत्रात कलम लिहा, पण काउंटरवर तोंडानं बजावू नका. आम्ही कारकून मंडळी कलम ऐकलं की कपाटाची किल्ली विसरतो. रविवारी मिस्सा सुटल्यावरही जाऊ नका, तेव्हा ऑफिसात लग्नाची नि मयताची माणसं उभी असतात. आणि वही स्वतः चाळायला मागू नका. तुमच्या वरच्या-खालच्या ओळीत दुसऱ्यांची पोरं आहेत.

आता ती रेघ. तुमचा बाप्तिस्मा झाला तेव्हा १९१७ चा जुना कॅनन लॉ चालू होता. त्यातलं कलम ७७७ असं : आईबापाचं लग्न झालेलं नसेल तर आईचं नाव कधी घालायचं? ती आई आहे हे चारचौघांत माहीत असेल तर, किंवा तिनं स्वतः लेखी किंवा दोन साक्षीदारांसमोर तसं मागितलं तर. बापाचंही साधारण तसंच. नाहीतर मूल 'अज्ञात पालकांचं' म्हणून लिहायचं, लॅटिनमध्ये 'इग्नोतोरुम पारेन्तुम'. १९८३ च्या कायद्यातून हे शब्द गेले. आता नुसतं बाळाचं नाव लिहायचं, पालकांचा उल्लेखच नाही. तुमच्या फादरांनी ते शब्द न लिहिता रेघ ओढली. नियमाला धरून नसेल, पण शाळेत जाणाऱ्या पोरीच्या हातातल्या कागदावर ते शब्द येऊ नयेत असं त्यांच्या मनात आलं असेल, असा माझा तर्क. रेघेचा अर्थ आई कुणालाच माहीत नव्हती असा होत नाही. तिनं नाव घालायला सांगितलं नाही, एवढाच होतो.

याच शब्दांवरून माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती सांगून टाकते. मला लागून चारेक वर्षं झाली असतील. एक मुलगा लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला न्यायला आला. लग्नाला सहा महिन्यांच्या आतला ताजा दाखला लागतो, म्हणून अशी पोरं जन्मात पहिल्यांदा आमच्या खिडकीशी येतात. बरोबर होणाऱ्या बायकोचा मामा. मी वही काढली, जसं होतं तसं मशीनवर टाइप केलं आणि कागद उघडाच खिडकीतून पुढे सरकवला. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, हा दुसऱ्या कुणाचा तरी आहे." आणि मी, मोठी हुशार, म्हणाले, "नंबर बघा ना, तुमचाच आहे." मामा खांद्यावरून वाचत होता. मुलानं कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. त्याला घरात कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक दाखला पाकिटात घालून द्यायला लागले, पाकिटं संपली तर वर्तमानपत्राच्या कागदात. त्याचं लग्न आमच्या चर्चमध्ये नव्हतं. पण लग्न लावणाऱ्या चर्चनं बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचं असतं. तशी चिठ्ठी आठ महिन्यांनी आली, मुलगी तीच. त्याच्या ओळीच्या समासात ते मीच शाईनं लिहिलं.

तुमच्या नोंदीकडे परत येते. तुमचं नाव छापत नाही, पण ते त्या दिवसाच्या संताचं आहे. १९ मार्च हा संत जोसेफचा सण. नात्यातल्या बाळाला आजीचं, आत्याचं नाव देतात. ज्याचं नाव ठेवायला घरचं कुणी नसतं त्याला कॅलेंडर नाव देतं. म्हणून नावावरून आईकडचा माग काढायच्या भरीस पडू नका, तो धागा नाही.

धागा सिस्टरांचा आहे. सिस्टर गॉडमदर, म्हणजे बाळ सिस्टरांच्या संस्थेत किंवा त्यांच्या प्रसूतिगृहात होतं. कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये बाप्तिस्मा झाला तरी तो ज्या चर्चच्या हद्दीत झाला त्या चर्चच्या वहीत चढतो, म्हणून ठाण्याच्या पोरीची नोंद मुंबईत. दाखल्यावर सिस्टरांच्या नावापुढे त्यांच्या धर्मसंघाची आद्याक्षरं आहेत का पाहा. असतील तर त्या संघाच्या प्रांतप्रमुख सिस्टरांना लिहा. दोन गोष्टी विचारा : त्या सिस्टर हयात आहेत का, आणि त्या घराचं १९७२ चं क्रॉनिकल आहे का. कॉन्व्हेंटमध्ये रोजनिशीसारखी वही ठेवतात. कोण पाहुणं आलं, कुणाला ताप आला, पंप बिघडला, असलं सगळं तिच्यात असतं. 'आज तीन बाळांचा बाप्तिस्मा' असं एखादं वाक्य सापडलं तरी त्यातून संस्थेचं नाव पक्कं होतं. एक खाचखळगा सांगते. जुन्या काळी सिस्टर झाल्यावर नाव बदलायचं, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, बऱ्याच जणींनी पुन्हा आपलं पहिलं नाव घेतलं. तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये 'या नावाच्या सिस्टर कुणी नव्हत्या' असं उत्तर आलं तर खचू नका. दोन्ही नावांनी विचारा.

फादरांच्या सहीचाही उपयोग आहे, पण लोकांना वाटतो तेवढा नाही. सही त्या दिवशी तिथे असलेल्या फादरांची. ते पाहुणे असतील, शेजारच्या कॉलेजातले जेझुइट संघाचे फादर असतील. मुंबईत १९२२ पासून स्पॅनिश जेझुइट होते, त्यांच्या हातची आपली नावं वाचणं म्हणजे कोडंच. फादर कुठल्या संघाचे होते ते कळलं तर त्यांचे कागद कुठे गेले ते विचारता येतं. पण म्हाताऱ्या फादरांना गाठून 'तुम्हाला सगळं ठाऊक आहे' असं म्हणू नका. कुणी पापनिवेदनात सांगितलं असेल तर ते मरेपर्यंत त्यांना बोलता येत नाही. आणि नसेल सांगितलं, तर पन्नास वर्षांत त्यांनी हजार बाळांच्या डोक्यावर पाणी घातलंय, तुमचं कुठलं ते आठवणार?

आणखी एक दार आहे, बहुतेकांना ते माहीतच नसतं. जुन्या कायद्याप्रमाणे दर वर्षाअखेरीस बाप्तिस्म्याच्या वहीची प्रत बिशप्स हाउसला पाठवायची होती. तुमच्या १९७२ सालची प्रत डिसेंबरनंतर गेली असणार, म्हणजे दुरुस्तीच्या आधीची. मूळ पानावर नंतर काय खोडलं, काय चिकटवलं, याचा तिला पत्ता नाही. पाठवली असेल आणि वाळवीनं सोडली असेल तर. बिशप्स हाउसच्या चॅन्सलरला, म्हणजे तिथल्या कागदपत्रांच्या अधिकाऱ्याला वेगळं पत्र लिहून विचारा.

ठाण्यातही एक वही बघण्यासारखी आहे. मम्मी-पप्पांच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, 'स्टातुस आनिमारुम' नावाचं कुटुंबांचं रजिस्टर असेल, त्यात घर नि घरातली माणसं. सगळीकडे नेटानं ठेवलेलं नसतं. पण ठेवलं असेल तर १९७१ मध्ये त्या घरात दोन माणसं दिसतील आणि पुढे कधीतरी तिसरं नाव चढलेलं, बहुधा तारखेसह. ती तारीख मिळाली की तुम्ही घरी कधी आलात ते कळेल. बाप्तिस्म्यानंतर महिन्यानं का दोन वर्षांनी? कोर्टाचे कागद शोधताना हे लागणार आहे.

कोर्टाचं असं. हिंदूंना, बौद्धांना, जैनांना, शिखांना १९५६ च्या कायद्यानं दत्तक घेता येत होतं. आपल्याला नाही. ख्रिस्ती जोडपं १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली मुलाचे पालक म्हणून हुकूम घ्यायचं. मूल कागदोपत्री 'वॉर्ड', तेही त्या काळी एकवीस पूर्ण होईपर्यंत. आपल्यात सर्रास ज्याला दत्तक म्हणायचे ते बहुतेक हेच. २००० च्या बाल न्याय कायद्यानंतर सर्वांनाच रीतसर दत्तक घेता येऊ लागलं. म्हणून 'दत्तकपत्र' असं विचाराल तर कोर्टातला माणूस नाही म्हणेल. 'गार्डियनशिप पिटिशन' म्हणा. असा अर्ज मूल जिथे राहतं तिथल्या कोर्टात होतो. तुम्ही संस्थेत असतानाच झाला असेल तर मुंबईत, घरी आणल्यावर झाला असेल तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात. समासातल्या शेऱ्यात नंबर असेल तर काम सोपं. नसेल तर पप्पांच्या नावानं आणि वर्षाच्या अंदाजानं शोध घ्यावा लागेल. तिथे एक बरा वकील करा, हे काम माझ्या कुवतीबाहेरचं.

मुलाला सांगा, त्याच्या अर्जाचा उपयोग नाही. दत्तकविधानाच्या नियमांत मुळांच्या शोधाची तरतूद आहे, पण तिऱ्हाइताला तो करता येत नाही, आणि सख्खा मुलगासुद्धा तिथे तिऱ्हाईतच. अर्ज तुमच्या सहीचा हवा, 'कारा'कडे, म्हणजे दत्तकविधानाच्या केंद्रीय सरकारी प्राधिकरणाकडे, नाहीतर आपल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. ते संस्थेला विचारतात. तुमच्या आईनं बाळ सोपवताना 'माझं नाव कळू देऊ नका' असं सांगितलं असेल तर तिची लेखी संमती घ्यावी लागते. तिनं नाही म्हटलं किंवा ती सापडली नाही, तर कुठल्या परिस्थितीत बाळ सोपवलं तेवढं तुम्हाला सांगतात. तुमचं प्रकरण पालकत्वाचं असल्यानं एखादा अधिकारी टाळाटाळ करेल, म्हणून संस्थेचं नाव आधी पक्कं करून मगच जा.

डीएनएबद्दल माझं मत विचाराल तर ते सगळ्यात शेवटी. तिथे तुमची आई सापडायची शक्यता कमी, तिच्या भावाची कॅनडातली नात सापडायची जास्त. तिला बिचारीला काहीच माहीत नसणार, आणि रात्री घरच्या ग्रुपवर ती सगळ्यांना विचारणार.

करावं का, हे मी सांगू शकत नाही. पहिलं पत्र तरी लिहा. ती ओळ तुमची स्वतःची आहे, ती वाचायला कुणाची परवानगी लागत नाही, मम्मीचीसुद्धा नाही. वाचून वही मिटली तरी चालतं.

प्रश्न : नेरूळहून लिहितो. वय ७४. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, १९०० च्या दुष्काळात पाच-सहा वर्षांची असताना गुजरातकडून पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात केडगावला आली, असं घरात सांगतात. तिचं मूळ नाव-गाव कुणालाच माहीत नाही. मुलगी लंडनला असते. ती म्हणते, ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या चर्चच्या नोंदी आहेत, तिथे बघते. मिळेल का?

उत्तर : मुलीचं बसभाडं वाचवा. तिथे मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या प्रती आहेत खऱ्या, 'एन/३' या खुणेखाली. पण त्या मुख्यतः युरोपियन आणि युरेशियन लोकांच्या. दुष्काळात उचलून आणलेली आपली पोर त्यात कशाला असेल?

सगळे बाप्तिस्म्याच्या मागे लागतात. तुम्ही आजीच्या लग्नाची नोंद शोधा. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याच्या छापील नमुन्यात वर आणि वधू दोघांच्याही वडिलांच्या नावाचा रकाना आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनच्या बाईंनी काय लिहिलं असेल ते असो, लग्नाच्या वेळी आजी सतरा-अठरा वर्षांची होती आणि फादर किंवा पाळक तिलाच विचारणार : बापाचं नाव काय? पाच-सहा वर्षांची पोर गावाचं नाव विसरते, बापाचं सहसा विसरत नाही. आजीचं लग्न कुठल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये झालं ते आजोबांच्या गावावरून ठरेल. ती वही तिथल्या चर्चमध्ये, आणि प्रती सरकारी निबंधकाकडे पाठवायच्या असत.

केडगावलाही लिहा, मुक्ती मिशन आजही चालू आहे. पण '१९०० साली आलेली मुलगी' एवढ्यावर काय सापडणार? त्या वर्षी गुजरातेतून मुलींचे जथे आले होते. आजीचं बदललेलं नाव, आजोबांचं नाव, लग्नाचं वर्ष, असं काहीतरी हातात घेऊन लिहा.

आणि घरात अजून कुणी म्हातारं माणूस असेल तर एक विचारा. आजी रागात, किंवा बाळाला झोपवताना, कुठल्या शब्दांत बोलायची? माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात पणजी आयुष्यभर मराठी बोलली, पण आकडे मोजायची ते गुजराती. बाजारातून आलेली अंडी 'एक, बे, त्रण' अशी. हे कुठल्या वहीत येत नाही.

प्रश्न : ताई, तुमचं सदर मी दर महिन्याला वाचते आणि दर महिन्याला भीती वाटते. १९८९ साली मी नर्सिंगला होते. मुलगा झाला. मी त्याला दहा दिवस दूध पाजलं, मग सिस्टरांनी दाखवलेल्या कागदावर सही केली. बाप्तिस्म्याला मी नव्हते. आता नवरा आहे, दोन मुली आहेत, एक नात आहे. कुणालाच माहीत नाही. तो शोधत शोधत दारात उभा राहिला तर? त्याला माझं नाव मिळेल का? (ऐरोली. नाव, आडनाव काहीच नको.)

उत्तर : ताई, वरचं कोपरीच्या बाईंना दिलेलं उत्तर तुम्ही वाचलं असणार आणि छातीत धस्स झालं असणार. म्हणून आधी तुमच्या बाजूचं सांगते.

चर्चच्या वहीत तुमचं नाव बहुधा नाही. १९८९ ला नवा कायदा होता, पण या बाबतीत तो जुन्यासारखाच. लग्न न झालेल्या आईनं स्वतः लेखी किंवा दोन साक्षीदारांसमोर मागितलं, किंवा ती आई असल्याचं उघड असलं, तरच नाव घालतात. तुम्ही बाप्तिस्म्याला नव्हता आणि असं काही मागितल्याचं लिहीत नाही. संस्थेकडच्या सहीच्या कागदावर मात्र तुमचं नाव आहे. तो कागद त्यांनी मुलाच्या हातात ठेवायचा नसतो. नाव गुप्त ठेवा असं तुम्ही तेव्हा सांगितलं असेल तर आधी तुम्हाला विचारायला हवं, तुमचा होकार लेखी हवा. मुलाच्या हक्कापायी आईच्या खासगीपणाला धक्का लागता कामा नये, असं नियमात स्पष्ट आहे. तेव्हा सांगायचं राहिलं असेल तर आता संस्थेला लिहून कळवा : मला न विचारता माझं नाव-पत्ता देऊ नये. हे लिहिलं म्हणून त्याला कायमचं नाकारलं असं होत नाही. कुणी आलं तर पहिला फोन तुम्हाला यावा, एवढंच.

डीएनएला मात्र हे नियम बांधत नाहीत. तुमच्या नात्यातल्या कुणी हौसेनं तपासणी केली तर काय होईल, यावर माझ्याकडे उपाय नाही. खोटा धीर देत नाही.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक सुचवते. त्याला पत्र लिहून संस्थेत ठेवता येतं. नाव-पत्ता घालायची गरज नाही. माझ्या खिडकीशी आलेली दत्तक माणसं 'मला का टाकलं' हे फार उशिरा विचारायची, काहींनी तर विचारलंच नाही. ती आधी विचारायची, डॉक्टर घरच्यांचे आजार विचारतात तेव्हा काय सांगू? तुमच्या घरात साखर कुणाला होती, कुणाचं हृदय कमजोर होतं, दमा होता का, आजोबा किती जगले. तुम्ही नर्स, तुम्हाला हे माझ्यापेक्षा नेटकं लिहिता येईल. त्याच्या वडिलांकडचं जे माहीत असेल तेही लिहा, नाव न घालता. आणि ते दहा दिवस दूध पाजल्याचं लिहा. ते त्याला दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

कागदावर तारीख घाला. पाकिटावर त्याची जन्मतारीख आणि सही केल्याचं वर्ष लिहा, म्हणजे योग्य फाइलला लागेल. पोस्टानं पाठवू नका. स्वतः नेऊन द्या, झेरॉक्सवर त्यांचा शिक्का नि पोच घ्या, आणि ती झेरॉक्स घरातल्या कपाटात ठेवू नका.